दोन दारांच्या मध्ये

शेजारी मी चाळणी परत करायला गेले होते. निमित्त चाळणीचं, खरं तर बाळ बघायचं होतं. त्यांच्या घराला पुढे दोन दारं. रस्त्याकडचं एक, मग बाक, छत्र्या आणि पायपुसणं मावेल एवढी काळोखी जागा, मग आतलं दार. घर बांधताना त्यांच्या सुनेचे सासरे म्हणाले होते, वारा आणि धूळ तिथेच अडते. मी म्हणायचे, माझ्यासारख्या शेजारणीही अडतात.

दुपार होती. सून बाळाला मांडीवर थोपटत होती. तेवढ्यात बाहेरचं दार वाजलं. मधल्या जागेत कुणीतरी पाय पुसू लागलं. सावकाश, एकेक पाय. पुसणं काही संपेना. ओल्या चुन्याचा वास आला.

सुनेनं खाली मान घातली. मला वाटलं, दमलीय पोर, उठवत नसेल.

"या ना, आत या," मीच म्हटलं.

पाय पुसणं थांबलं.

"काकू…" तिनं बाळाला जवळ ओढलं. "ते रोज येतात. बोलावलं नाही की निघून जातात. आम्ही कधीच… या म्हणत नाही."

"कोण ते?"

"बघितलंय कुणी?"

आतलं दार उघडलं. दारात कोणी नव्हतं. गारवा तेवढा आला. बाळानं डोळे उघडले आणि त्याची नजर वर वर जाऊ लागली, कुणी अगदी जवळ येऊन उभं राहावं तशी. त्याचे ओठ निळसर दिसू लागले.

"तुम्ही बोलावलंत, काकू," सून पुटपुटली. "तुम्हीच न्या."

काय सुचलं कोण जाणे. मी उठले. "चला," म्हटलं, "बाळ झोपू दे. चहा माझ्याकडे घेऊ." पाहुण्याला म्हणावं तसं. प्रत्येक दार धरून, त्याला पुढे जाऊ द्यायला जरा थांबले, मग लावून घेतलं. आतून बाळाचं रडणं ऐकू आलं, तेव्हा जिवात जीव आला.

माझ्या घराला एकच दार. आलं की थेट आतच.

त्रास काही नाही, खोटं कशाला सांगू. चुन्याचा वास तेवढा असतो. बाळ आता छान गुटगुटीत झालंय. मी दोन कप चहा करते, एक गार झाला की ओतून देते.

काल बेल वाजली. मी ओट्याशी होते. हात पुसून निघणार, तोच बाहेरच्या खोलीतून, अगदी माझ्याच आवाजात, कुणीतरी म्हणालं, "या ना, आत या."

मग पायपुसण्यावर पाय पुसल्याचा आवाज आला. एक झाला की दुसरा… बराच वेळ येत राहिला.