पाच नंबरची टाकी

वाळूजला यॉट बांधतात म्हटलं की लोक हसत. समुद्र कुठं, वाळूज कुठं! पण बावीस मीटरची ती बोट शेडमध्ये खरीच उभी होती. मध्ये कुठं न थांबता महासागर ओलांडायचा, म्हणून तिच्या पोटात डिझेलच्या सहा टाक्या. त्या सकाळी काम साधंच होतं. पाच नंबरच्या टाकीचं झाकण आवळायचं, फोटो काढायचा आणि परदेशातल्या मालकाला कळवायचं, की काम ऐंशी टक्के झालं.

पुंजारामचा हात मात्र पान्याकडे जाईना. तीन आठवड्यांपूर्वी याच टाकीत त्याचा जोडीदार कडूबा वेल्डिंग करताना गॅस साचून गुदमरला होता. आतल्यानं अधूनमधून तीन ठोके द्यायचे, तोंडाशी बसलेल्यानं तीन ठोक्यांनी ओ द्यायची, अशी कामाची रीत. ठोके थांबले की माणूस ओढून काढायचा. तोंडाशी पुंजारामच होता. सुपरवायझर मल्हाररावांनी त्याला फोटोसाठी दिवा धरायला बोलावून नेलं. दहाच मिनिटं. परत आला तेव्हा टाकी गप्प होती.

आणि मग काय केलं या भल्या मल्हाररावांनी? कडूबाला शेडमागच्या लिंबाखाली नेऊन निजवलं! कामावर आलाच नव्हता म्हणे, बाहेरच चक्कर येऊन पडला. दाराशी हजेरीचं यंत्र आहे, अंगठा टेकला की 'थँक यू' म्हणतं. त्यातली कडूबाची त्या दिवसाची हजेरी पुसून टाकली. पुंजारामनं तोंड उघडलं, तर "यंत्र खोटं बोलतं का?" म्हणून त्यालाच गप्प केलं. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे, दुसरं काय! कडूबाची बायको आवडाबाई रोज फाटकाशी येऊन बसायची. नवरा कामावर मेला एवढं तरी कबूल करा, म्हणायची. झाकण आवळलं की तेही दबणार होतं.

"आवळ की रे," मल्हारराव म्हणाले.

रीतीप्रमाणे पुंजारामनं झाकणावर तीन ठोके दिले.

आतून तीन ठोके आले…

भोवतीची चार माणसं जागच्या जागी थिजली. झाकण काढून बॅटरी मारली. टाकी रिकामी. जळक्या धातूचा ताजा वास तेवढा वर आला.

"उंदीर असंल," मल्हारराव पुटपुटले.

"उंदीर मोजून ठोकतो व्हय, साहेब?"

झाकण पुन्हा ठेवलं. या वेळी आतूनच सुरुवात झाली. आधी घाईघाईनं, मग सावकाश, मग आणखी सावकाश… दम संपत आलेल्या माणसासारखे. पुंजारामला रडू फुटलं. हेच ठोके त्या दिवशी त्यानं ऐकायला हवे होते.

"साहेब, लई झालं. त्यो आत हाय."

"येडा झाला का? त्यो आत नव्हताच…"

टक.

मल्हाररावांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी स्वतःच झाकण ओढलं आणि सगळ्यांदेखत आत ओरडले, "कडूबा! ये बाबा… बाहेर ये!"

"ऐकलं का समद्यांनी?" पुंजाराम कडाडला. "आत नव्हता, तर हाक कुणाला मारली?"

ठोके थांबले होते. मग बोटीच्या कडेची लोखंडी शिडी वाजू लागली. एकेक पायरी, वरून खाली. शिडीवर कुणीच नव्हतं. पावलं शेड ओलांडून दाराकडं गेली.

"थँक यू," यंत्र रोजच्याच गोड आवाजात म्हणालं.

पुंजाराम धावत गेला. पडद्यावर कडूबाचं नाव होतं, आणि खाली तारीख तीन आठवड्यांपूर्वीची.