हिवराखाली बंद पडणारी गाडी

धुक्यातून आधी खोकला ऐकू आला, मग पावलं वाजली आणि मग एक माणूस पुढे आला. ऐश्वर्यानं घाईघाईनं गाडीची काच वर केली.

औंढ्याकडे जाणाऱ्या चढावर, पांढऱ्या खोडाच्या हिवराखाली, तिची गाडी आज पुन्हा बंद पडली होती. पौषातलं धुकं असं दाट, की बॉनेटच्या पलीकडचं काही दिसत नव्हतं. माणसानं काचेवर बोटानं टकटक केली.

"भिऊ नका. मी त्या मागच्या खोलीत राहतो. मागच्या हप्त्यातबी तुमी इथंच थांबल्या होत्या ना?"

"मी थांबले न्हाई," काच चार बोटं खाली करत ती म्हणाली, "गाडी थांबते. बराबर इथंच."

"इथंच काहून?"

याला काय सांगणार? ही गाडी तिच्या बाबांची, कोंडीबांची. दोन वर्षांपूर्वी याच हिवराखाली, याच सीटवर बसल्या बसल्या, छातीत कळ येऊन, त्यांचा जीव गेला होता. लोकांना ते सापडले तेव्हा दोन्ही हात स्टेअरिंगवर होते, नजर रस्त्याकडे...

ती काही बोलणार तेवढ्यात पायाखालून आवाज आला. खोल, घुमणारा. काचा थरथरल्या, हिवरावरचं दव टपावर टपटपलं. मग सगळं शांत.

"झालं," तो म्हणाला. "जमिनीतला आवाज. हेच ऐकायला मला इथं बसवलंय. मी प्रज्ञेश. पुसेगावचा. खोलीत भूकंप मोजायचं यंत्र हाय, त्याची राखण करतो."

"म्हणजे जमिनीचे डॉक्टर?"

"कसला डॉक्टर... नुसता कान लावून बसतो. दुखतंय कुठं, ते मलाबी कळत न्हाई."

ऐश्वर्याला हसू आलं. या झाडाखाली आपल्याला हसू येतं याचंच तिला नवल वाटलं. तिनं चावी फिरवली. गाडी सुरू झाली, जणू कधी बंद पडलीच नव्हती.

ऐश्वर्या औंढ्याच्या ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. कळमनुरीहून रोजचं येणं-जाणं. बसनं जाता आलं असतं, पण बाबांची गाडी अंगणात नुसती उभी बघवत नव्हती. कळमनुरीच्या प्रेमदास मिस्त्रीनं तिचा कार्बोरेटर कितीदा तरी खोलला होता. जेट फुंकले, सुई बदलली, फिल्टर नवा घातला.

"ताई, कार्बोरेटर लख्ख हाय," शेवटी तो हात पुसत म्हणाला. "दुखणं गाडीत न्हाई." तिनं त्या रस्त्यानं एकदा गाडी चालवून बघायला सांगितलं, तर तो नजर चुकवून दुसऱ्या गाडीखाली शिरला.

आई, जनकाबाई, भाकरी थापता थापता अगदी सहज म्हणाली, "ऐशू, विकून टाक ती गाडी. तुझा बाप थांबवून राहिला तुला तिथं."

त्या रात्री ऐश्वर्याला नीट झोप आली नाही. तरी गाडी तिनं विकली नाही.

पुढच्या वेळी गाडी बंद पडली तेव्हा प्रज्ञेश चहाचा थर्मास घेऊनच आला.

"माझ्या मामाचं गॅरेज होतं. थोडं कळतं मला. चढावर इंजिन तापतं, पंपात पेट्रोलची वाफ होते. ओलं फडकं बांधू."

"या थंडीत वाफ?" रसायनशास्त्राच्या मॅडमनं भुवई उचलली.

"बांधून तर बघू..."

बांधून बघितलं. गाडी हिवराखाली आलीच, आणि बंद पडलीच. मग त्यानं पेट्रोलच्या टाकीचं झाकण सैल ठेवायला सांगितलं. आत हवा जात नसेल म्हणे. तरी तेच. एव्हाना बंद गाडीत बसून दोघं चहा प्यायची, आणि तो तिला आवाजांविषयी सांगायचा. कधी आधी कुत्री गप्प होतात. कधी खोलीतली भांडी नुसतीच सरकतात. एकदा तो म्हणाला, "एक सांगू? तुमची गाडी बंद पडली, की मागोमाग जमिनीतला आवाज येतो. दरवेळी न्हाई... पण लई वेळा."

ऐश्वर्याच्या हातावर काटा आला. त्यानं ते पाहिलं आणि आपली शाल तिच्या मांडीवर ठेवली.

"झाकणाचा उपाय चालला न्हाई तुमचा," ती विषय बदलत म्हणाली.

"चालणार न्हाई, हे माहीत होतं मला."

"मग सांगितला काहून?"

"तुमी परत थांबावं म्हणून." तो कपाकडे बघत राहिला. "पण आता पुरे. आता खरंच बघतो."

त्यानं तिथल्या तिथं कार्बोरेटर उघडला. पेट्रोल साठवणारी वाटी कोरडी ठणठणीत होती. "कार्बोरेटरचा दोषच न्हाई. त्याला पेट्रोलच मिळत न्हाई. टाकी खोलावी लागंल."

रविवारी प्रेमदासच्या दुकानात टाकी उतरवली. पेट्रोल काढून आत तारेचा आकडा फिरवला, तर तळातून निळ्या कापडाचा तुकडा वर आला. चढावर इंजिन जोरानं पेट्रोल ओढायचं, तेव्हा तो तुकडा नळीच्या तोंडाला चिकटायचा. इंजिन बंद पडलं की सुटायचा. म्हणून थोड्या वेळानं गाडी आपोआप सुरू.

ऐश्वर्या तो ओला तुकडा हातात धरून उभी राहिली. "बाबांचंच फडकं हे. झाकण हरवलं होतं तेव्हा टाकीच्या तोंडाला कोंबायचे." मग ती त्याच्याकडे वळली. "प्रज्ञेश... त्या दिवशीबी गाडी अशीच बंद पडली असंल का? न्हाईतर ते दवाखान्यात पोचले असते?"

प्रज्ञेशनं धीर द्यायला काहीतरी गोड बोलून टाकलं नाही. "ते मला सांगता येणार न्हाई," तो म्हणाला. "घरी विचार."

घरी जनकाबाईनं लेकीला जवळ ओढलं. "चावी खिशात सापडली त्याच्या. हँडब्रेक ओढलेला होता. त्यानंच थांबवली गं गाडी. कोणाला धडक बसू नये म्हणून."

ऐश्वर्या दोन वर्षांनी मोकळी रडली.

टाकी परत बसवताना प्रेमदासनं मात्र एक विचारलंच होतं. "कळमनुरीपासून चढ काय एकच हाय, ताई? मग हिवराखालीच काहून?"

गाडी आता बंद पडेना. हिवर यायचा आणि मागं जायचा. खोलीबाहेर प्रज्ञेश हात वर करायचा, तीही हात हलवायची, आणि कॉलेजच्या घाईत पुढे निघायची. थांबायला कारणच उरलं नव्हतं. पुढचा सगळा रस्ता तिला उगीच लांब वाटायचा.

मग एका संध्याकाळी त्याचा फोन आला. "यंत्र वसमतकडं हलवून राहिले. उद्या सामान भरतो." तिनं नुसतं "बरं" म्हटलं. "ठेवतो मग..."

सकाळी पुन्हा तसंच धुकं होतं. हिवराखाली ऐश्वर्यानं गाडी स्वतः कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि चावी काढली.

इंजिन चालूच राहिलं.

चावी तिच्या मुठीत, आणि बॉनेट आपलं थडथडतंय. ती दार उघडून उतरली आणि मागं सरली. प्रज्ञेश धावत आला.

"चावी काढलीस?"

तिनं मूठ उघडून दाखवली.

"होतं असं... जुन्या इंजिनात. तापलं, की थोडा वेळ आपोआप..." त्याचा आवाज मध्येच विरला. "याआधी झालं होतं?"

"कधीच न्हाई."

"बॉनेट उघडू?"

"नको." धुक्यात ती त्याच्याजवळ सरकली. "मी विचारायला थांबले. चालू हाय तर चालू दे. कोणी ऐकत असंल तर ऐकू दे. तू निघून चालला, आणि मला काहीच सांगणार न्हाईस?"

प्रज्ञेशनं तिचा हात धरला. "इतके महिने जमिनीला कान लावून बसलो. पण सकाळी ऐकायचो तो तुझ्या गाडीचा आवाज... मला तुझ्यासंगं राहायचंय, ऐश्वर्या. वसमत काय लांब हाय? आज येऊ का मी तुझ्या आईकडं?"

"आजच," ती म्हणाली.

इंजिननं दोन आचके दिले आणि ते शांत झालं. दोघं कान देऊन उभी राहिली. जमिनीतून आवाज आला नाही. नुसतं दव पडत होतं.

गाडीकडे वळताना प्रज्ञेश थबकला. मागचं दार अर्धवट उघडं होतं.

"हे तू उघडलंस?"

"न्हाई... तू?"

त्यानं मान हलवली. सीटवर काही नव्हतं. मातीवर पाऊल उमटलेलं नव्हतं. ऐश्वर्यानं थोडा वेळ धुक्यात पाहिलं. भीती वाटली, पण पळून जावं असं वाटलं नाही. वडीलधारं माणूस उतरून गेल्यावर लावावं, तसं तिनं ते दार अलगद लावून घेतलं.

प्रज्ञेश तिच्या शेजारी बसला. तिनं गाडी कळमनुरीकडे वळवली, आणि उतारावर डावा हात त्याच्या हातात देऊन ठेवला.