चोरदिंडीचा अडसर

चांदकड्याच्या पूर्व बुरुजावर तांबडं फुटलं, आणि त्याच घटकेला गडावर हाक उठली, की चोरदिंडीचा, कड्याकडच्या गुप्त दाराचा, अडसर कुणीतरी काढून ठेवला आहे! वेढ्याला पाचवा महिना, गनिमाचे मोर्चे ऐन कड्याखाली. गस्तवाल्याची नजर वेळेवर गेली म्हणून गड वाचला.

दिंडीवर पहाऱ्याला तिघेच होते. तिघांना सदरेवर आणलं.

"सरकार, अडसर गोंदजीनं काढला. म्यां पाहिलं," रवळोजी म्हणाला.

"रवळोजी खोटं बोलतो," गोंदजी म्हणाला.

म्हातारा सटवाजी एवढंच बोलला, "अडसर मी काढला नाही."

किल्लेदार सिदोजीराव तलवारीचे बहाद्दर, पण कोड्यांचं वेड भारी! रोज सदरेवर एकच खेळ: तिघे बोलतात, खरा एकच, तर चोर कोण? गोंदजीला हे पक्कं ठाऊक. लवून मुजरा करत तो म्हणाला, "सरकार, आपल्या कोड्यातलंच हे. तिघांत खरा एकच!"

सरकारांचे डोळे चमकले. "रवळोजी खरा धरला, तर सटवाजीही खरा ठरतो, खरे दोन होतात. म्हणजे रवळोजी खोटा, गोंदजी खरा, आणि उरला सटवाजी खोटा. अडसर सटवाजीनंच काढला! कडेलोट करा!" वर गोंदजीलाच पुन्हा दिंडीवर धाडलं. काय म्हणावं या शहाणपणाला!

कड्यावर सटवाजीच्या मुसक्या बांधल्या, तसा रवळोजी आडवा झाला. "खोटा मीही ठरलोय, सरकार. आधी मला लोटा. पण खरा एकच, हा नियम घातला कुणी?"

सिदोजीराव थिजले. नियम गोंदजीनं घातला होता, आणि तोच आता दिंडीवर होता.

रवळोजीनं मुसक्या तोडल्या, आणि सारे दिंडीकडे धावले. सटवाजीला वाट पायाखालची, तो पुढं. गोंदजी अडसर दरीत फेकून पसार झाला होता, आणि गनीम दाराला भिडत होता. सटवाजीनं दार लोटलं आणि अडसराच्या खोबणीत आपला उजवा हात खांद्यापर्यंत घातला. बाहेरून रेटे बसत होते, हाडं मोडत होती, रक्त वाहत होतं. बाकीच्यांचे दारामागं धोंडे रचून होईतो म्हातारा हलला नाही.

दार टिकलं. सिदोजीरावांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. त्यांना रडू आवरेना. "सटवाजीबाबा, चुकलो. माफ करा."

म्हाताऱ्यानं कष्टानं डोळे उघडले. "सरकार... अडसर मी काढला नव्हता." एवढंच बोलून तो गेला.

पुढं महिन्याभरानं वेढा उठला. सदरेवर कुणी हौसेनं कोडं घाला म्हटलं, की सिदोजीराव उठत आणि चोरदिंडीचा नवा अडसर हातानं चाचपून येत.