हाकेला ओ

दृष्टी गेल्यापासून आत्या माझ्याकडेच राहते. मी जेवणाच्या टेबलावर संगणक मांडून काम करते, ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसून असते.

माझं काम तसं कंटाळवाणं. फार दूरच्या एका दीर्घिकेच्या पोटात कृष्णविवर आहे. तिथून निघालेला झोत नेमका आपल्याच रोखाने येतो, म्हणून तिला ब्लेझार म्हणायचं. त्या झोतातले गॅमा किरण एक उपग्रह टिपतो. शांत दिवसांत जेमतेम चार-पाच कण. सातशे कोटी वर्षं चालून आलेले. ते कधी पोचले, ते काही तासांनी मला कळतं. मी वेळा मांडून ठेवते.

"लोकांच्या पोरी आभाळाला हात लावतात, आमची वेळा लिहिते," आत्या म्हणायची.

मार्चमध्ये ती मधूनच "ओ" म्हणू लागली. कोणी हाक मारल्यासारखं. वय झालं, मी म्हटलं. डॉक्टरांना दाखवायला म्हणून एक दिवस कागदावर टिपलं: नऊ बावीस, अकरा पाच, दोन चाळीस.

संध्याकाळी उपग्रहाची माहिती आली. नऊ बावीस. अकरा पाच. दोन चाळीस.

घड्याळ तपासलं. आठवडाभर टिपत राहिले. एकही कण तिच्या हातून सुटला नव्हता. उलट उपग्रह पृथ्वीआड असतानाही ती ओ द्यायची. ते कण टिपायला तिथे कोणीच नसायचं.

प्रकल्प सांभाळणाऱ्या सरांना फोन केला. "योगायोग," ते म्हणाले. फोन ठेवताना म्हणाले, "तिला काही विचारू नकोस."

मी विचारलंच. "आत्या, ओ कोणाला देतेस?"

"हाक मारतंय ना."

"तुला?"

"मला कशाला? तुझं नाव घेतंय. तू कामात असतेस, म्हणून मी देते."

मी सरांकडून दुसरं काम मागून घेतलं. आत्या ओ देतच राहिली.

गुरुवारी सकाळपासून तिला दम खायला सवड मिळेना. ओ. ओ. ओ. सरांचा फोन आला, ब्लेझार भडकलाय, कणांचा नुसता पाऊस पडतोय. तिचा घसा बसला होता. पाण्याच्या दोन घोटांमध्येही ती ओ देत होती.

मला बघवेना. मी तिचा हात धरला. "पुरे. नको देऊस ओ."

ती गप्प झाली. तीन वाजून दहा मिनिटं.

खिडकीकडे तोंड वळवून म्हणाली, "आता ते स्वतःच यायला निघालं."

"कधी?"

"केव्हाच."

संध्याकाळी मी पुन्हा ब्लेझारची माहिती उघडली. तीन दहानंतर एकही कण नव्हता.

सरांनी कळवलं, उपकरण ठीक आहे. बाकी सगळं आभाळ दिसतंय.

मी संगणक मिटला. खोलीत अजून ऊन होतं.

आत्याने पसरलेले पाय हळूच जवळ ओढून घेतले, कोणाला तरी आत यायला वाट करून द्यावी तसे.