पहिल्या नंबरचा रिमोट

आधीच सांगतो, ज्याला हसायचं आहे त्यानं इथूनच पुढचं पान उलटावं. ही गोष्ट माझ्या सख्ख्या चुलत भावाच्या घरी घडली आहे. त्याच्या तोंडून मी ती तीनदा ऐकली. तिन्ही वेळा एक शब्द इकडचा तिकडं झाला नाही.

चौदा मे दोन हजार दोन. वार मंगळवार.

आणि वेळ रात्रीची नाही. दुपारचे दोन.

मिथुनदादा तेव्हा घुग्घुसला कोळसा खाणीत इलेक्ट्रिशियन होता. क्वार्टर दोन खोल्यांचं. बाहेर सत्तेचाळीस डिग्री ऊन, रस्त्यावर कुत्रं नाही. आत कुलर घरघरतोय. आणि खाटेवर त्याची आठ वर्षांची पोर, आचल. उजवा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये.

परीक्षा संपली त्याच दिवशी ती आंब्याच्या झाडावरून पडली होती. डॉक्टरनं सहा आठवडे सांगितले. म्हणजे सगळी सुट्टी खाटेवर. मैत्रिणी आल्या दोन दिवस, मग कोण येतं उन्हाचं? पोरगी भिंतीकडं तोंड करून पडून राहायची. जेवत नव्हती, बोलत नव्हती. मिथुनदादाचा जीव तुटायचा.

म्हणून त्यानं टीव्हीवरचा व्हिडिओ गेम आणला.

आणला म्हणजे मिळाला. गडचांदूरच्या सिमेंट कॉलनीत त्याचा आयटीआयचा जुना दोस्त होता, सोमाजी. सात-आठ वर्षांनी भेट झाली. बोलता बोलता पोरीच्या पायाचा विषय निघाला. सोमाजी आत गेला आणि एक पिशवी घेऊन आला.

"घेऊन जा. आमच्या घरी आता कोणी खेळत नाई."

मिथुनदादानं विचारलं नाही, काऊन खेळत नाही. फुकट मिळतंय म्हटल्यावर कोण विचारतं?

तर त्या मंगळवारी त्याची साप्ताहिक सुट्टी. सकाळी दहापासून गडी टीव्हीपुढं मांडी घालून बसला.

पहिले दोन तास नुसत्या चॅनलमध्ये गेले. टीव्ही जुना. मागं अँटेनाची वायर काढून गेमची लावायची, मग ते बारकं चाक नखानं फिरवत बसायचं. फिरवलं की मुंग्या. पुन्हा फिरवलं की काळ्या पट्ट्या. एकदा चित्र आलं आणि हात काढताच गेलं.

"च्यामायबीन!"

"लेकरासमोर शिव्या देऊ नका," कुंतावहिनी स्वयंपाकखोलीतून ओरडली.

बाराच्या सुमारास चित्र ठरलं. निळा पडदा, शिडी, झाडावर लाल फळं. खाली दोन ओळी… एक खेळाडू, दोन खेळाडू. आणि त्याखाली लुकलुकणारी अक्षरं. स्टार्ट दाबा.

आचल महिन्यात पहिल्यांदा उठून बसली.

मिथुनदादानं रिमोट हातात घेतला. आम्ही सगळे त्याला रिमोटच म्हणायचो, वायरवाला. डावीकडं बाण, उजवीकडं दोन लाल बटनं.

आणि स्टार्ट?

स्टार्टचं बटन नव्हतंच.

त्यानं रिमोट उलटा केला. मागं स्टिकर होता, त्यावर आकडा… दोन.

त्या गेमच्या डब्यांची ही एक गंमत असायची. स्टार्ट फक्त पहिल्या नंबरच्या रिमोटवर. दुसऱ्यावाल्यानं नुसतं खेळायचं, खेळ सुरू करायचा मान पहिल्याचा. आणि पिशवीत पहिला रिमोट नव्हता.

पिशवी झटकली. उलटी केली. नव्हताच.

आता खाणीतला इलेक्ट्रिशियन, हार कसा मानेल? त्यानं दोन नंबरचा रिमोट पहिल्या खाचेत लावून पाहिला. बटन नाही ते नाहीच. मग सहा स्क्रू खोलले. आत काळं रबर, हिरवी पट्टी. पट्टीवर स्टार्टची जागा होती, पण रिकामी. म्हणाला, ठीक आहे, मी बनवतो. घराच्या बेलचं बटन भिंतीतून उपसलं, दोन बारीक वायरी घेतल्या आणि सोल्डरिंगचा डाग द्यायला बसला.

पहिला डाग सुटला. दुसऱ्यात बोट भाजलं. तिसरा बसला, बेल दाबली… काहीच नाही. पुन्हा खोलला. बाणाचं रबर उडून कुलरखाली गेलं. ते काढायला कुलर सरकवला तर अर्धं पाणी फरशीवर.

"खाणीतल्या मोटरी सुदरवता म्हणे," वहिनी पोछा मारता मारता म्हणाली, "अन् लेकराचं खेळणं नाई होऊन राह्यलं!"

"तू चूप राय व!"

"बाबा, राहू द्या," आचल म्हणाली. आणि हळूच पुन्हा भिंतीकडं वळली.

ते त्याला सहन झालं नाही. सगळ्या दुपारचा राग डोक्यात गेला. बेलच्या वायरी उपटून फेकल्या, रिमोट पुन्हा बंद केला. दुसऱ्या खाचेत खुपसून दिला. आणि उठून सोमाजीच्या घरी फोन लावला.

फोन बाईनं उचलला. सोमाजीची बायको, कमळाबाई. सोमाजी ड्युटीवर गेला होता.

"वहिनी, मी मिथुन, घुग्घुसवरून. तुमी दुसरा रिमोट देल्ला. पयला कुठी आहे?"

बाईनं नाव पुन्हा विचारून घेतलं. मग म्हणाली…

"तो त्याच्यापाशी आहे."

"कोणापाशी?"

"माया पोरापाशी. त्याचाच आहे न तो."

मिथुनदादा तडकला. "अवं वहिनी, डबा इथी अन् रिमोट तिथी, त्याचा काय उपेग? पोराले म्हणा, घेऊन ये इथी. माई पोरगी एकटी पडून आहे. दोघं मिळून खेळा म्हणा. सुट्ट्याच तर आहे!"

पलीकडं इतकी शांतता, की त्याला वाटलं लाईन गेली.

"येऊ देऊ म्हणता, भाऊ?"

"येऊ द्या न! राहू द्या दोन दिवस!"

"बरं," बाई म्हणाली. तिचा आवाज एकदम हलका झाला होता. "आत्ताच जाऊन सांगतो त्याले."

फोन ठेवला. मिथुनदादाचा राग निवला, थोडी लाजही वाटली. परक्याच्या घरी आपण काय बोललो! तो पाणी प्यायला आत गेला.

अर्धा तास झाला असेल.

टिंग…

टीव्हीतून आवाज आला.

तो बाहेर आला. पडद्यावरचा बाण 'एक खेळाडू'वरून खाली सरकला होता. 'दोन खेळाडू'वर थांबला होता.

टिंग…

खेळ सुरू झाला.

"बाबा! झालं! झालं!" आचल टाळ्या वाजवायला लागली. "पाय न आई, बाबानं सुदरवलं!"

वहिनी पदराला हात पुसत आली. "बाप्पा! झालं न एकदाचं."

मिथुनदादा पुढं झाला. तो डब्याकडं पाहत होता. दुसऱ्या खाचेत आचलचा रिमोट. पहिली खाच…

रिकामी.

पडद्यावर दोन बारकी माणसं. हिरवा आचलचा. आणि लाल? लाल आपला आपण चालत होता.

शॉर्ट असेल, त्यानं स्वतःला सांगितलं. इलेक्ट्रिशियन दुसरं काय सांगणार? कापसाला स्पिरिट लावून खाच पुसली. फुंकर मारली. शेवटी काळी इन्सुलेशन टेप चिकटवून खाच बंद केली.

लाल चालतच होता.

आचलला खेळता येत नव्हतं. तिचा हिरवा शिडीच्या खाली अडकायचा. तेव्हा लाल वर जाऊन थांबायचा. समोर फळ असायचं, पण घ्यायचा नाही. हिरवा वर पोचला की मग दोघं मिळून पुढं.

मिथुनदादानं टेपची गुंडाळी खाली ठेवली. शॉर्ट झालेली वायर कोणाची वाट पाहत नाही, एवढं त्याला कळत होतं.

"हळू न रे," आचल म्हणाली.

टीव्हीला नाही. आपल्या बाजूला, खाटेवर. आणि प्लास्टरचा पाय उचलून ती जरा सरकली… कोणाला जागा द्यावी तशी.

"कोणासंग बोलून राह्यली, बाई?"

"त्याच्यासंग. तुमीच तं बोलावलं न, फोन करून."

त्यानं झटक्यानं मेन स्विच बंद केला. टीव्ही, कुलर, सगळं गप्प.

त्या शांततेत आचल एकटीच हसत होती.

संध्याकाळी सोमाजीचा फोन आला. त्याचा आवाज रडवेला होता.

"मिथुन, तुले सांगाले पाह्यजे होतं गा. पोरगं मागच्या श्रावणात गेलं. नऊ वर्साचं. ताप डोक्यात चढला, दोन दिवसांत संपलं. लहान लेकरू, जाळलं नाई, मातीत देल्लं. हिनं तो रिमोट त्याच्या हातात देल्ला. खेळ आपण सुरू करतो म्हणून लय भांडे तो. कोणालेच देत नसे."

मिथुनदादानं वळून खाटेकडं पाहिलं.

"आज ही भर उन्हात मातीपाशी जाऊन बसली. त्याले सांगून आली म्हणते. तू मले लिहून देल्ला तो घरचा पत्ता सांगतला तिनं… लाईन, क्वार्टर नंबर, सगळं."

त्याच रात्री त्यानं डबा पिशवीत भरून बाहेर सायकलवर टांगला. उपयोग शून्य. बुधवारी आचल बंद टीव्हीपुढं बसली होती, आणि तिचे अंगठे हलत होते. हातात काहीच नव्हतं. जेवायला मात्र लागली. खदाखदा हसायची. वहिनी म्हणाली, "पोरगी खुश आहे, असू द्या न. भासच असन." पण भाकर वाढताना वहिनी स्वतःच खाटेच्या त्या बाजूनं जायचं टाळत होती.

मिथुनदादानं सगळं करून पाहिलं. नारळ फोडला, अंगारा लावला. गुरुवारी हात जोडून खाटेपुढं उभाही राहिला.

"बापू, दोन दिवस झाले. तुई माय वाट पाहून राह्यली असन. जा रे बापा."

आचलनं बाजूला कान दिला. मग म्हणाली, "तो नाई म्हणते, बाबा. म्हणते माय तिथी एकटं ठेवून घरी गेली. तुमी बोलावलं."

आणि शुक्रवारी सकाळी ती म्हणाली.

"बाबा, तो म्हणते तुया घरी लय राह्यलो. आता तू ये माया घरी."

आपल्याकडं रीतच आहे ती. पाहुणा येऊन गेला की आपणही एकदा जायचं. पण त्या पोराचं घर कोणतं, हे मिथुनदादाला माहीत होतं.

त्यानं ड्युटी बुडवली. पोरीच्या खाटेला पाठ लावून बसून राहिला. दुपारी आचलचं अंग तापलं. हळूहळू ताप चढत गेला.

तीन वाजता दार वाजलं.

उन्हात कमळाबाई उभी होती. एकटी. बसनं आली होती, चेहरा लालबुंद.

"दोन दिवस म्हटलं होतं तुमी, भाऊ," ती म्हणाली. "चार झाले. मी रोज जाऊन पाह्यतो, तो तिथी नाई. माया पोराले वापस द्या."

मिथुनदादा तिच्या पाया पडला. खरंच पडला. "घेऊन जा, बाई. माई पोरगी तेवढी ठेवा."

ती खाटेपाशी बसली. आचलकडं पाहिलंच नाही, बाजूच्या रिकाम्या जागेकडं पाहत राहिली. काय बोलली ते कोणाला ऐकू आलं नाही. ओठ हलत होते. घडीभरानं उठली, पदरानं हवेतच काहीतरी पुसलं, आणि हात जरा खाली सोडून दाराबाहेर चालायला लागली. लेकराचं बोट धरून चालतात तशी.

आचलनं डोळे उघडले. कपाळाला घाम फुटला होता. ताप उतरत होता.

मिथुनदादा डब्याची पिशवी घेऊन तिच्या मागं बस स्टँडपर्यंत गेला. तिला बसमध्ये बसवलं, पिशवी दिली, खिडकीखाली उभा राहिला. कंडक्टर आला.

"एक फुल, एक हाफ," कमळाबाई म्हणाली.

कंडक्टरनं तिच्या बाजूला पाहिलं… आणि दोन तिकिटं फाडली.

"लेकराले मांडीवर घ्या बाई. पुढं गर्दी होते."

मिथुनदादाला दिसत होती ती फक्त बाई. आणि खिडकीकडची रिकामी जागा.

बस सुरू झाली. तशी ती खिडकीतून वाकली. चेहऱ्यावर इतकं समाधान होतं, की त्याला क्षणभर बरंच वाटलं.

"भाऊ, तो म्हणते, पाय बरा झाला की आचलले पाठवा. दोन दिवस."

आता आपल्याकडं कोणी पाहुणपणाला बोलावलं, तर तोंडावर नाही म्हणतो का आपण? जायचं नसलं तरी हो म्हणतो. जन्मापासूनची सवय ती. मिथुनदादाच्या तोंडून ते निघून गेलं. त्याला कळायच्या आत.

"हो हो… पाठवतो."

बस गेली.

आचलचा पाय चांगला झाला. शिकली, मोठी झाली, नोकरीला लागली. तिला त्यातलं काहीच आठवत नाही, असं ती म्हणते. मिथुनदादानं तिला आजवर गडचांदूरच्या रस्त्यावर पाऊल टाकू दिलेलं नाही. लग्नकार्यं सोडली, नातेवाईक दुखावले.

मागच्या उन्हाळ्यात मी त्याला म्हणालो, "दादा, वीस-बावीस वर्सं झाली. सोड आता."



"मी हो म्हटलं आहे रे," तो म्हणाला. "अन् ते लेकरू वाट पाह्यते. वर जाऊन थांबते, पण एकटं पुढं जात नाई."