एकशे वीस फेरे

"थांबलंय! परत थांबलंय!" ढब्बू पुलावरून ओरडला.

घुमीने कॅमेऱ्याला लावलेला डोळा काढला. मनगटावरच्या घड्याळात सकाळचे नऊ वाजले होते, आणि समोरच्या उंच मनोऱ्यावर सव्वातीन! आभाळ राखेसारखं, नदीही राखेसारखी. त्यात ते मोठे काटे मेल्यासारखे पडून होते.

"आता घड्याळवाल्या आजोबांचं काही खरं नाही," टकळी हळूच म्हणाली.

घुमी आणि तिचा धाकटा भाऊ ढब्बू सुट्टीत मावशीकडे, या परदेशातल्या शहरात आले होते. टकळी ही मावसबहीण. ती इथेच जन्मलेली, त्यामुळे इथली भाषा तिला पाण्यासारखी यायची. घुमीला स्वतःच्या भाषेतही चार शब्द जड. म्हणूनच शाळेतल्या बाईंनी सुट्टीत 'नव्या शहरातल्या जागा आणि माणसं' असे फोटो काढून आणायला सांगितले, तेव्हा तिला बरं वाटलं होतं. कॅमेऱ्यामागे उभं राहिलं की बोलावं लागत नाही! रोज नऊ वाजता पुलाच्या त्याच खांबाशी उभं राहून ती मनोरा टिपायची, आणि मनोऱ्याच्या पायथ्याशी पेपर विकणाऱ्या आजींनाही.

"रोज तोच फोटो! मनोरा काय रात्रीतून वाढतो?" ढब्बू चिडवायचा.

"तू वाढतोस ना, जेवणाच्या टेबलावर!" टकळी म्हणायची.

आज मात्र कुणाला थट्टा सुचेना. टकळीचे बाबा, म्हणजे या दोघांचे काका, नगरपालिकेत इमारतींचे साहेब होते. मनोऱ्याची देखभाल त्यांच्याकडे. मागच्या शनिवारी घड्याळ पहिल्यांदा थांबलं, तेव्हाच ते म्हणाले होते, "म्हाताऱ्याचं लक्ष नाही आता. पुन्हा थांबलं तर निरोपाचं पत्र देणार आणि विजेची मोटर बसवणार."

आज शुक्रवार. आठवडाही भरला नव्हता.

तिघं मनोऱ्याच्या सत्तर पायऱ्या चढून गेली. घड्याळवाले आजोबा वरच्या खोलीत चावी देत होते. चावी म्हणजे हातभर लांबीचा लोखंडी दांडा. तो फिरवला की खालच्या अंधाऱ्या विहिरीसारख्या पोकळीतून एक भलंमोठं वजन दोराने वर येतं, आणि आठवडाभर हळूहळू खाली उतरत घड्याळ चालवतं. एकेचाळीस वर्षं हे काम आजोबांच्या हातचं होतं.

"शहाण्णव... सत्याण्णव... अठ्ठ्याण्णव..."

दांडा थांबला. वजन वर पोचलं होतं. आजोबांनी तो आणखी रेटून पाहिला आणि ते मटकन स्टुलावर बसले.

"काय झालं, आजोबा?" टकळीने विचारलं. त्यांचं उत्तर ती या दोघांना आपल्या भाषेत सांगत गेली.

"एकशे वीस फेरे लागतात, पोरी. कायम एकशे वीस. मागच्या शनिवारी अठ्ठ्याण्णव झाले, आज पुन्हा अठ्ठ्याण्णव. म्हणजे मधले बावीस मी मोजायचे विसरतो. नाहीतर आधीच्या वेळी अर्धवट चावी देऊन उठून जातो."

"पण तुम्ही तर नीट मोजत होतात! प्रत्येक फेऱ्याला एक आकडा, मी ऐकलं ना!" ढब्बू म्हणाला. टकळीने ते आजोबांना सांगितलं.

ते खिन्न हसले. "दोरही सैल वाटला होता मला. पण स्वतःच्या हातांवरच भरवसा उरला नाही, तर कुणाला सांगू? तुझ्या बाबांना मीच म्हणालो, चूक माझीच असेल. आज चार वाजता पत्र घेऊन येणार आहेत ते."

घुमीला हे ओळखीचं वाटलं. परीक्षेत बरोबर लिहिलेलं उत्तर तीही कितीदा खोडून टाकायची!

घरी येऊन तिने सगळे फोटो छापून स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडले. बाहेर पावसाची बुरबुर सुरू झाली होती.

"बघा रे," ती अखेर बोलली. "हा शनिवारच्या आधीचा सोमवार. पेपरवाल्या आजींच्या मागे काय आहे?"

"सिमेंटच्या पिशव्या. जिन्याच्या दुरुस्तीच्या," टकळी म्हणाली.

"आणि हा बुधवार."

"पिशव्या गायब! छोट्या दाराला नवं कुलूप!"

"आता मधला मंगळवार."

मंगळवारच्या फोटोत पाऊस होता. आजी छत्रीत दडल्या होत्या, आणि त्यांच्या मागे दोन मजूर खांद्यावर पिशव्या घेऊन त्याच छोट्या दारातून आत शिरत होते.

"ते दार तर वजनाच्या विहिरीचं!" टकळी ओरडली. "म्हणजे तळाशी पिशव्या... आणि वजन त्यांच्यावरच टेकतं!"

"खालपर्यंत उतरायच्या आधीच," घुमी म्हणाली. "तळच वर आलाय. म्हणून घड्याळ लवकर थांबतं आणि फेरेही कमी लागतात. आजोबांचं मोजणं बरोबर आहे!"

"चला, काकांना सांगू या!"

पण काका फोनवर हसले. "पोरांनो, दुरुस्तीवरचा मुकादम म्हणतो विहीर रिकामी आहे. तो काय खोटं बोलेल?"

तीन वाजता तिघं मनोऱ्याच्या पायथ्याशी पोचली. मुकादम छोट्या दाराला पाठ टेकून उभा होता. "आत काही नाही! पळा इथून!"

दाराच्या वरच्या बाजूला हवेसाठी एक झरोका होता. घुमीने टकळीच्या कानात काहीतरी सांगितलं.

"मुकादमकाका," टकळी गोड आवाजात म्हणाली, "शाळेसाठी इथल्या कर्तबगार माणसांचे फोटो हवेत. तुमचा काढू?"

मुकादमाने झटकन टोपी सारखी केली. "माझा? काढा की!"

"इथे नको हो, अंधार आहे. नदीकडे तोंड करा. हनुवटी वर. अजून वर! पोट आत घ्या!"

"एवढंच जातं आत!"

टकळी मावशीच्या मोबाइलवर एकामागून एक फोटो काढत राहिली. इकडे ढब्बू ओणवा झाला, त्याच्या पाठीवर घुमी चढली.

"लवकर कर ना! पाठीचा भुगा होतोय!" तो कुजबुजला.

घुमीने कॅमेरा झरोक्यातून आत धरला. लख्ख! लख्ख! लख्ख!

चार वाजता काका पत्र घेऊन आले. घुमी त्यांच्या पुढ्यात उभी राहिली. तिने कॅमेरा पुढे केला. पडद्यावर विहिरीचा तळ दिसत होता. तिथे पुरुषभर उंचीची सिमेंटच्या पिशव्यांची थप्पी होती, आणि सगळ्यात वरची पिशवी जड लोखंडाखाली दबून फुटली होती. वजन आता वर असलं तरी त्याचा गोल ठसा स्पष्ट उमटला होता.

काकांचा चेहरा उतरला. "मुकादम! या आत कुणी ठेवल्या?"

"साहेब... तुम्हीच तर फोन केला होता. 'पिशव्या भिजल्या तर तुमची खैर नाही, कुठेही आत टाका!' म्हणून टाकल्या. मग घड्याळ थांबलं, आणि सांगायची छाती झाली नाही."

काकांनी हातातल्या पत्राकडे पाहिलं. मग पत्र खिशात घालत म्हणाले, "काढा त्या बाहेर. आत्ता!"

तरी आजोबांना विश्वास वाटेना. "पुढच्या शुक्रवारी बघू," एवढंच ते म्हणाले. सात दिवस पाऊस आणि धुकं. सातही दिवस तिघं नऊ वाजता पुलावर, काट्यांवर डोळे लावून! पण काटे चालत राहिले.

शुक्रवारी वरच्या खोलीत सगळे जमले. काका, मावशी, मान खाली घातलेला मुकादमसुद्धा. आजोबांनी दांडा हातात घेतला. अठ्ठ्याण्णवला त्यांचा आवाज कापला. दांडा फिरतच राहिला. मग मुलंही मोजू लागली. टकळीने आठवडाभर शिकवलेल्या तिथल्या आकड्यांत घुमी चक्क मोठ्याने मोजत होती!

"एकशे एकोणीस... एकशे वीस!"

दांडा थांबला.

आजोबांनी दोन्ही तळहात डोळ्यांसमोर धरून पाहिले. मग तोंडावर ठेवले आणि ते रडू लागले.

काका पुढे झाले. "माफ करा. चूक माझी होती. मोटर येणार नाही. घड्याळ तुमच्याकडेच राहील." मग ते घुमीकडे वळले. "आणि तू! मी इतकी वर्षं रोज या मनोऱ्याखालून जातो, पण तुझ्यासारखं एकदाही पाहिलं नाही. शाबास!"

"शाबास माझ्या पाठीला म्हणा!" ढब्बू म्हणाला.

बाहेर अजून पाऊस पडत होता. आजोबांनी डोळे पुसले आणि दांडा जागेवर टांगला. घुमीचा हात हातात घेऊन ते टकळीला म्हणाले, "तिला सांग, बावीस फेरे नाही, माझं डोकं परत दिलंस तू."

टकळीने सांगितलं. यावेळी घुमीला बोलायचं होतं. खूप बोलायचं होतं. तिने टकळीला विचारून त्या भाषेतलं एकच वाक्य नीट पाठ केलं, आणि आजोबांकडे बघून म्हणाली, "तुम्ही बरोबर होतात."