खिशातला फ्यूज

मशीन बघायला आलेला हा चौथा माणूस. आधीचे तिघे शेडमध्ये शिरल्या शिरल्या बटणाकडे धावले होते. याने मात्र भिंतीवरचा चिनी मातीचा फ्यूज उपटला, शर्टाच्या खिशात टाकला आणि मगच मशीनसमोर उकिडवा बसला.

चहाचे कप घेऊन आलेली कुंदा दारातच थबकली. हा माणूस मशीन ओळखणारा दिसत होता, आणि तिला नेमका तोच नको होता.

मुलुंडच्या गव्हाणपाड्यात, घराला लागून तिच्या वडिलांची, बळवंत मिस्त्रींची, ही पत्र्याची शेड. शेडमध्ये त्यांचं रंधा मशीन. लोखंडी टेबल, मधोमध गरगरणारा रूळ आणि रुळात बसवलेल्या तीन सुऱ्या. खडबडीत फळी वरून सरकवली की पलीकडून साफ होऊन निघायची. गेल्या वर्षी मिस्त्रींना अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून उजवा हात थरथरायचा. मग सुऱ्या काढणं, धार लावणं, परत बसवणं ही कामं कुंदा करू लागली. पुढे फळ्याही तीच रंधू लागली. तेविसाव्या वर्षी आपल्याला काय आवडतं हे तिला स्वच्छ कळलं होतं, आणि त्याच महिन्यात मिस्त्रींनी मशीन विकायला काढलं.

"माझी दोन बोटं त्यानं खाल्ली," डावा पंजा तिच्यासमोर धरून ते म्हणाले होते. अकरा वर्षांपूर्वी त्यांचा हात रुळात असताना कारागिरानं नकळत बटण दाबलं होतं. "तुझं एक नखही मी त्याला देणार नाही. विषय संपला."

बापाशी भांडायची सोय नव्हती, म्हणून कुंदानं मशीनशी संगनमत केलं. एका सुरीखाली जाड कागदाचा कपटा सरकवून तिनं सुरी केसभर वर उचलली. आता मशीन चालू केलं की ते धडधडायचं आणि फळीवर लाटा उठायच्या. तिन्ही गिऱ्हाइकांनी रुळाचा शाफ्ट वाकलाय म्हणून मान हलवली आणि चहा पिऊन चालते झाले.

चौथा काही चहाकडे बघेना. दत्ताराम त्याचं नाव. घाटकोपरच्या भटवाडीत राहणारा, मूळचा देवगडकडचा. गिरणीच्या सुतारखात्यात होता, संपात गिरणी गेली आणि आता भांडुपला छोटासा गाळा घेऊन फर्निचरचं काम सुरू करत होता. हे सगळं मिस्त्रींनी त्याला पाच मिनिटांत विचारून घेतलं. तेवढ्यात त्यानं पट्टा हातानं फिरवला, डोळे मिटून बेरिंगचा आवाज ऐकला. मग टेबलावर स्टीलची लांब पट्टी उभी धरली.

"जरा बॅटरी धराल? पलीकडून. पट्टीखालून उजेड आला तर टेबल झिजलेलं."

कुंदा पलीकडे गुडघ्यांवर बसली. मधे फक्त पट्टी. त्याच्या भुवईवर भुसा लागला होता, आणि तो पट्टीकडे बघता बघता तिच्याकडे बघायला लागला होता.

"येतोय का उजेड?" तिनं विचारलं.

"अं?... नाही. पट्टीखालून नाही."

तिनं बॅटरी विझवली. उगीचच विझवली, आणि कान गरम झाले म्हणून स्वतःवरच चिडली.

मग त्यानं खिशातून पाना काढला आणि सुऱ्या सोडवायला घेतल्या. पहिली सुरी ठीक. दुसरी ठीक. तिसरीपाशी त्याचा हात थांबला. बोटांच्या चिमटीत एक कपटा आला, कोपऱ्यावर हळदीचं बोट उमटलेला, कुणाच्या तरी लग्नपत्रिकेचा. त्यानं कपट्याकडे पाहिलं, मग कुंदाच्या हातांकडे. तिच्या नखांत ग्रीस होतं.

"काय रे, शाफ्ट ना?" मिस्त्री खाटेवरून म्हणाले. "तिघांनी तेच सांगितलं. भंगाराच्या भावात ने बाबा, पण ने एकदाचं."

कुंदानं डोळे मिटले. आता हा हो म्हणणार. फुकटात मिळालेलं चांगलं मशीन कोण सोडतंय?

"शाफ्ट ठीक आहे, मिस्त्री," दत्ताराम म्हणाला. "भंगार तर मुळीच नाही. नीट बघायला वेळ हवा. पुढच्या रविवारी येऊ?"

कपटा त्यानं मुकाट्यानं खिशात टाकला, फ्यूजच्या शेजारी.

फाटकापर्यंत सोडायला ती गेली खरी, पण बोलायचं काय ते सुचेना. शेवटी तोच म्हणाला, "तुमच्या शेडमध्ये उंदीर झालेत हां."

"झालेत. मग?"

"पाना चालवतात, एवढे हुशार."

"मग पिंजरा घेऊन या ना पुढच्या वेळी!"

तो हसला. मग गंभीर होऊन म्हणाला, "खरं सांगू? मला हे मशीन हवंय. असं जपलेलं मशीन दोन महिन्यांत कुठे पाहिलं नाही. पण तुम्हाला ते जाऊ द्यायचं नाही, हे कळलं. मी मिस्त्रींना काही सांगणार नाही. फक्त एक... तिघं जण मशीन वाकडं म्हणून गेले. ते चार ठिकाणी बोलणार. आणि नाव मशीनचं नाही खराब होत, मिस्त्रींचं होतं."

खिशात हात घालून त्यानं फ्यूज काढला. "हे विसरलोच होतो. गिरणीची सवय. ज्याचे हात मशीनमध्ये, त्याच्याच खिशात फ्यूज."

आठवडाभर कुंदाला मिस्त्रींच्या नावाचं ते वाक्य पुरलं. खोडी करताना तिनं फक्त गिऱ्हाईक पळवायचा विचार केला होता. अण्णांच्या नावाचा केला नव्हता. चाळीस वर्षं ज्यांच्या हाताखालून वाकडी फळी बाहेर गेली नाही, त्यांचं मशीन वाकडं... आणि ते तिनं केलं होतं. तिला फार वाईट वाटलं. शनिवारी दुपारी तिनं तिन्ही सुऱ्या काढल्या, धार लावली आणि लाकडाची चपटी पट्टी टेबलावरून फिरवत तिन्ही एका पातळीत आणल्या. मशीन आता जाणार, हे तिला माहीत होतं. त्याच्याबरोबर रविवारी येणारा माणूसही यायचा थांबणार, हेही मनात आलं, आणि पान्यानं शेवटचे आटे तिनं भरल्या डोळ्यांनी आवळले.

रविवारी तो आला. फ्यूज काढला, सुऱ्या तपासल्या, आणि तिसरीपाशी पुन्हा थांबला.

"उंदीर गेले वाटतं?"

"गेले." एवढंच ती म्हणाली.

त्यानं फ्यूज लावून सागाची फळी रंधली, फ्यूज पुन्हा काढून खिशात टाकला आणि फळी मिस्त्रींच्या हातात दिली. मिस्त्रींनी तिच्यावरून थरथरता पंजा फिरवला. एकदा... दोनदा. 

"कुंदे, ही सुरी कुणी बसवली?"

"मी, अण्णा. आणि आधी बिघडवलीही मीच. चुकले मी."

"बिघडवलीस ते ठाऊक आहे मला. हात गेलाय, कान नाही गेले." मिस्त्रींनी फळी गालाला लावली. "पण इतकी साफ सुरी माझ्या हातानं कधी बसली नाही गं. ते मला ठाऊक नव्हतं."

शेडमध्ये सागाचा वास दाटला होता. दत्तारामनं हातातला पाना दोनदा खाली ठेवला आणि दोनदा उचलला.

"मिस्त्री, मशीन मी घेतो. तुम्ही सांगाल त्या किमतीला. पण सुऱ्या यांनीच बसवायला हव्यात. गाळ्यावर येऊन... रोज."

"परक्या माणसाच्या गाळ्यावर माझी पोरगी रोज? लोक काय म्हणतील?"

"परका राहणार नसेन तर?"

बोलून गेला आणि स्वतःच लाल झाला. मग धीर करून कुंदाकडे वळला. "पण ते आधी तुला विचारायला हवं होतं. माझं चुकलं. तर... विचारतो. येशील?"

कुंदाला हसू येत होतं आणि रडूही. "मशीनसाठी विचारतोस की माझ्यासाठी?"

"मशीन मला दुसरं मिळेल. लय बघितली आहेत."

"मी फळ्या रंधणार. नुसत्या सुऱ्या बसवून चहा करत बसणार नाही."

"चहा मी करतो. बरा करतो मी."

मिस्त्री इतका वेळ आपल्या डाव्या पंजाकडे बघत होते. उरलेली तीन बोटं त्यांनी मिटली, उघडली. "आणि हिचा हात आत असताना कुणी बटण दाबलं तर?" त्यांचा आवाज फाटला. "त्याचं काय करशील, सांग."

 दत्तारामनं शर्टाच्या खिशातून फ्यूज काढला, आणि त्याच्याबरोबर हळदीचं बोट असलेला तो कपटाही बाहेर आला. कपटा त्यानं परत खिशात ठेवला. फ्यूज मात्र कुंदाच्या तळहातावर ठेवून तिची पाचही बोटं त्यावर एकेक करून मिटली.

मिस्त्रींनी ती मूठ पाहिली. मग म्हणाले, "कुंदे, पाहुण्याचा चहा राहिलाय."

"अण्णा, आज चहा हा करणार आहे," कुंदा म्हणाली, आणि मूठ तशीच घट्ट धरून राहिली.